पहिला नातू, आजाचं नाव

"नाव सांगा, अर्थ सांगतो. अर्थ सांगा, माणूस सांगतो!"

ॲन्सेल्म मास्तरांचं हे वाक्य वसईजवळच्या गिरीजमध्ये ज्यानं ऐकलं नाही, तो एक तर बहिरा असणार किंवा आदल्या दिवशी गावात आलेला. शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं वाडी करतात, कोंबड्या पाळतात, निदान बायकोशी भांडतात. मास्तरांची वाडी दुसराच कसत होता, कोंबड्यांचा वास त्यांना सहन होत नव्हता आणि बायको केव्हाच देवाघरी गेली होती. असा माणूस शेवटी काय करणार? लोकांना नावं ठेवणार. मास्तरांनी तेच केलं, फक्त शास्त्रशुद्ध रीतीनं.

मुंबईत फोर्टच्या फुटपाथवरून त्यांनी नावांच्या अर्थांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. पाठ वाळवीनं खाल्लेली, पोट शाबूत. त्या दिवसापासून गिरीजमधल्या माणसांना स्वतःच्या नावानं सुखानं जगणं कठीण झालं. रविवारची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, सुटली की मास्तर चर्चच्या आवारात आंब्याखाली उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून त्याच्या नावाचं शवविच्छेदन करत. आल्बर्ट म्हणजे कुलीन आणि तेजस्वी. तो आल्बर्ट पानवेलीला पाणी घालून चिखलात बरबटून आलेला असायचा, पण त्या दिवशी छाती काढून घरी जायचा. ज्यांचे अर्थ वाईट निघत, ते मागच्या फाटकानं जायला लागले.

आता गावाची रीत अशी, की पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं. कोणी कोणाला विचारत नाही. पोर पोटात असतं तेव्हाच त्याचं नाव अंगणात बाकावर विडी ओढत बसलेलं असतं. माणूस म्हातारा होतो, दात पडतात, वाडी मुलांच्या हाती जाते, तरी एक गोष्ट त्याची म्हणून राहते. नातवाला कोणी हाक मारली की त्यालाही ऐकू येते.

मास्तरांना ही रीत म्हणजे अडाणीपणा वाटायचा. "नाव म्हणजे काय आजाचा जुना कोट आहे, की आजा वारला की नातवानं घालायचा?" ते म्हणत. "अर्थ बघा. आणि आपण मराठी माणसं, मराठी नावं ठेवा." दिवसही तसेच होते. मिस्सा लॅटिनमधून मराठीत येऊन दहा-बारा वर्षं झाली होती, मग नावांनी काय पाप केलं होतं? तरुण पोरांना, विशेषतः त्यांच्या बायकांना, हे पटलं. गावात बघता बघता सुनील, अजय आणि संजय झाले. बाकावरचे आजे गप्प बसले.

त्यातला सर्वांत गप्प पावलू. मास्तरांचा शेजारी. मधे फक्त मेंदीचं कुंपण. केळीची वाडी, एक बैलगाडी, आणि बोलणं इतकं थोडं की बैलांनाही तो मानेनंच सांगायचा. त्याच्या थोरल्या मुलाला मुलगा झाला तेव्हा सून मास्तरांकडे अर्थ विचारायला आली. मास्तरांनी चष्मा लावला, पान उलटलं.

"पावलू म्हणजे पॉल. पॉल म्हणजे लहान. बारका. क्षुल्लक."

"जन्मभर पोराला क्षुल्लक म्हणायचं?" सून म्हणाली.

पोराचं नाव विक्रम ठेवलं. पावलू त्या दिवशी वाडीतून उशिरा आला. कुंपणाशी थांबून त्यानं मास्तरांना एवढंच विचारलं, "संत पॉल पण क्षुल्लकच काय, मास्तर?" मास्तर हसले. अडाणी माणसाच्या प्रश्नाला हसावं असं त्यांना वाटायचं. त्यांनी त्याला सगळा लॅटिन शब्द समजावून सांगितला.

इथपर्यंत सगळं दुसऱ्याच्या घरात चाललं होतं, त्यामुळे मजेत चाललं होतं.

मग मास्तरांच्या सुनेला, फ्लॉसीला, दिवस गेले. आणि मास्तरांच्या लक्षात आलं की आपल्याला ते नाव हवं आहे.

दुसरं कुठलं नाही, ॲन्सेल्म. जेम्स हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्या पहिल्या मुलाची ही एकच जागा. दुसरा झाला तर तो भुईगावच्या व्याह्यांच्या खात्यात. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. खुद्द जेम्सला त्यांनी आपल्या बापाचं, जाकोबचंच नाव इंग्रजी करून दिलं होतं. तेव्हा त्यांच्याकडे पुस्तक नव्हतं. मास्तर अंगणात एकटेच बसून हळू आवाजात म्हणून बघायचे, "ए ॲन्सेल्म, इकडे ये." आणि मग कोणी ऐकलं नाही ना म्हणून आजूबाजूला बघायचे.

पण मागायचं कुठल्या तोंडानं? गावभर तर आजाचा कोट फाडून झाला होता. तेव्हा मास्तरांनी बेत केला. आपण मागायचं नाही. आपण नको म्हणायचं. मुलगा आणि सून आग्रह करतील. आपण दोनदा नाही म्हणू, तिसऱ्यांदा मान खाली घालून "बरं, तुमची इच्छा" म्हणू. बेतात कुठेच खोट नव्हती. फक्त तो जेम्सला माहीत नव्हता.

"पप्पा, नावाचं काय करायचं?" जेम्सनं एकदा जेवताना विचारलंच.

"मला काय विचारता? तुमचं मूल."

"तरी पण. गावाची रीत..."

"मी रीतीतला नाही. माझं नाव ठेवलंच पाहिजे असं मुळीच नाही. मला काही नको." एवढं बोलून मास्तर आग्रहाची वाट बघत बसले.

"बरं झालं बाई," फ्लॉसी म्हणाली. "मी केव्हापासून घाबरले होते, कसं सांगायचं म्हणून."

मास्तरांच्या घशात मासळीचा काटा नव्हता, तरी त्यांनी भाताचा कोरडा घास गिळला.

मग त्यांनी दुसरी वाट धरली. मुलगा-सून जे नाव काढतील ते पाडायचं, म्हणजे शेवटी एकच उभं राहील. सुनील? "गडद निळा असा अर्थ. पोर निळं झालं तर डॉक्टर बोलवतात." रोहन? "वर चढणारा. कुठं, माडावर?" आनंद? "आनंद नावाची तीन मुलं माझ्या वर्गात होती, तिन्ही रडकी." होता होता फ्लॉसीनं नाव हा विषयच बंद केला. नाव सापडायचं राहिलं आणि आठवा महिना लागला. येत्या रविवारी ती बाळंतपणासाठी माहेरी भुईगावला जायची होती.

पावलूनं कुंपणावरून विचारलं, "मास्तर, नातू झाला तर तुमचंच नाव ना?"

"छे छे. मला काही नको."

"खरंच नको?"

"अरे, सांगितलं ना एकदा." मास्तर तुटक बोलले. आपल्या मनातलं आपल्या घरच्यांना कळेना आणि ह्या केळीवाल्याला बरोबर कळतं, याचा त्यांना रागच आला.

शुक्रवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये महिला मंडळानं मास्तरांचं व्याख्यान ठेवलं होतं. जेम्स मुंबईला ऑफिसात. फ्लॉसी घरी एकटी, पण रविवारपर्यंत काही होत नाही असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं. हॉलमध्ये ते रंगात आले. सालोमी म्हणजे शांती, असं सांगितल्यावर गावभर भांडणाऱ्या सालोमीच्या सुना खुसूखुसू हसल्या. मग पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या सेसिलियाबाईंकडे वळून ते म्हणाले, "आणि सेसिलिया म्हणजे आंधळी."

सेसिलियाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन महिन्यापूर्वीच झालं होतं. त्या उठल्या, मास्तरांकडे नव्या डोळ्यांनी नीट बघून घेतलं, आणि म्हणाल्या, "आता दिसायला लागलंय. सगळं दिसतं मला." त्या निघाल्या, त्यांच्यामागून अर्धी रांग निघाली. मास्तर उरलेल्या रांगेला शब्दाचं मूळ पटवून देत होते, तोच दारातून कोणी तरी ओरडलं, "मास्तर, तुमच्या सुनेला पावलूनं गाडीत घालून वसईला नेलं!"

झालं होतं असं. पावलू केळीचे घड भरून गाडी जुंपत होता. कुंपणापलीकडून त्याला कण्हणं ऐकू आलं. त्याची बायको व्हेरोनिका भाजी घेऊन बाजारात गेलेली, आजूबाजूला चिटपाखरू नाही. त्यानं घड रस्त्यावर फेकले, गाडीत गवत पसरलं, फ्लॉसीला उचलून ठेवलं, आणि जन्मात पहिल्यांदा बैलांवर ओरडला. बैलही घाबरून पळाले.

मास्तरांना टांगा मिळेपर्यंत वेळ गेला. मिशनच्या दवाखान्यात ते घामाघूम होऊन पोचले, तर दारात एक नवी, तरुण सिस्टर.

"माझी सून?"

"ठीक आहे. मुलगा झाला. फार लहान आहे, श्वास घेत नव्हता, आता घेतोय." सिस्टर दमली होती, पण हसली. "बाप्तिस्म्याशिवाय जाऊ नये म्हणून आम्ही घाई करून बाप्तिस्मा दिला. देवाची कृपा, आजोबा बरोबर होते, त्यांनी नाव सांगितलं."

"कुठले आजोबा?"

"ते काय."

बाकावर पावलू बसला होता. सदऱ्याला गवत, डोक्यात गवत. मास्तरांना बघून तो उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली.

"काय नाव सांगितलंस?" मास्तरांनी विचारलं.

"शिस्टर धावत बाहेर आली, मास्तर. बोलली, पोर जायच्या वाटेवर हाय, पानी घालायला पायजे. आई शुद्धीवर नाय. मला बोलली, तुमचं नाव काय? मी बोललो, पावलू. ती आत गेली. मला वाटलं, वहीत लिवायला विचारते. मग आतून आवाज आला, पॉल, मी तुला बाप्तिस्मा देते..."

"मग आत जाऊन सांगायचं नाहीस?"

"बाळंतिणीच्या खोलीत?"

"दारातून ओरडायचंस!"

पावलूनं टोपी हातात फिरवली. "पोर मरत होतं, मास्तर. मधे काय वरडू? थांबा, नाव चुकलं?"

समोरचा बरोबर बोलला की मास्तरांना राग यायचा. त्यांनी पावलूचे आभार मानायचे ते राहून गेले.

पोर जगलं. चार पौंडाचं पोर, कापसात गुंडाळून ठेवलेलं, पण जगलं. ते जगणार हे नक्की होताच मास्तर चर्चच्या फादरकडे गेले.

"बाप्तिस्मा पुन्हा करायचा."

फादरनी त्यांच्याकडे बघितलं. "मास्तर, आयुष्यभर तुम्ही मुलांना धर्मशिक्षण शिकवलंत. बाप्तिस्मा कितीदा होतो?"

"एकदा."

"मग?"

"पण नाव दुसऱ्याच्याच आजाचं लागलं!"

"तुम्हीच तर म्हणता, आजाचं नाव म्हणजे जुना कोट." फादर हसले नाहीत, हीच त्यातल्या त्यात मेहरबानी. "उरलेले विधी चर्चमध्ये करू, तेव्हा एखादं नाव जोडता येईल. पॉल ॲन्सेल्म. आई-बापांनी येऊन सांगितलं तर."

मास्तर घरी आले ते जवळजवळ पळतच. अर्धं तर अर्धं. हाक मारायला पुढे पावलू असला तरी मागून ॲन्सेल्म येईल. दवाखान्यातून घरी आलेल्या फ्लॉसीच्या खाटेशी ते उभे राहिले आणि त्यांनी फादरचं म्हणणं सांगितलं, अगदी सहज, जणू रस्त्यात भेटले म्हणून बोलणं झालं.

"नको पप्पा," फ्लॉसी म्हणाली. तिनं पोराला आणखी जवळ घेतलं. "ह्या नावावर तो राहिला. त्याला आता हात लावायचा नाही."

"हात कुठे लावतोय? नुसतं जोडायचं..."

"आणि अर्थ तर किती बरोबर बसतो," जेम्स म्हणाला. त्यानं बापाला खूश करायला मुद्दाम पुस्तक उघडून बघितलं होतं. "लहान. चार पौंडाचा पॉल. तुम्हीच म्हणता ना, अर्थ बघा?"

"अरे, पण मोठा झाल्यावर काय? आणि माझं..."

"तुमचं काय, पप्पा?"

आत्ता बोलायचं होतं. खोलीत तिघंच होती, चौथं झोपलेलं. मला हवं होतं रे, एवढंच वाक्य. चाळीस वर्षं वर्गात ओरडलेल्या मास्तरांच्या तोंडून ते फुटेना.

"माझं चष्म्याचं घर कुठे दिसतंय का?" ते म्हणाले.

चर्चमधले उरलेले विधी झाले, अंगणात मांडव घातला, वडे झाले, डुकराचं मटण झालं, सगळा गाव जेवायला आला. गावानं पोटभर खाल्लं आणि मग रिवाजाप्रमाणे कोणी तरी हाळी दिली, "मास्तर, नावाचा अर्थ सांगा!"

एवढी शांतता मास्तरांना त्यांच्या शाळेतही कधी मिळाली नव्हती. पावलू मांडवाच्या कडेला बसला होता, मांडीवर विक्रम. मास्तर उभे राहिले. आपल्या नातवाला भर मांडवात क्षुल्लक कसं म्हणायचं?

"पॉल म्हणजे," ते म्हणाले, "नम्र. विनयशील. देवापुढे जो स्वतःला लहान मानतो, तो थोर पुरुष."

टाळ्या पडणार होत्या, पण त्याआधी पावलूची थोरली सून उठली. "मास्तर, आमच्या वेळी तर क्षुल्लक होतं."

कोणी हसलं असतं तरी बरं झालं असतं. सेसिलियाबाई तेवढ्या खाकरल्या. पावलूनं विक्रमला मांडीवरून उतरवलं, हात धुतले आणि घरी निघून गेला. मास्तरांच्या लक्षात आलं की ह्या माणसाचं नाव आपण एकदा त्याच्या घरातून काढलं, आणि आता तेच आपल्या घरात आणून त्याला सोन्याचा मुलामा दिला. वाईट वाटलं त्यांना. खूप वाईट वाटलं. पण मांडवातल्या खुर्च्या मोजून परत द्यायच्या होत्या, ते त्या कामाला लागले.

त्या दिवसापासून आंब्याखाली मास्तरांकडे कोणी थांबेना. अर्थ दोन दरांनी मिळतात असं गावात झालं.

आणि घरात दिवसभर एकच गजर. पॉल उठला, पॉल हसला, पॉलनं दूध टाकलं. फ्लॉसीनं मोठ्यानं हाक मारली की कुंपणापलीकडे केळीत वाकलेला पावलू मान वर करायचा, मग आपल्याला नाही हे आठवून पुन्हा वाकायचा. मास्तर हे ओट्यावरून बघायचे. ते स्वतः नातवाला "बाबू" म्हणत.

वर्षभरानं पावलूच्या धाकट्या मुलाला, गॅब्रिएलला, मुलगा झाला. चौथ्या दिवशी संध्याकाळी पावलू कुंपणाशी आला. कुंपणाशी तो बऱ्याच दिवसांनी आला होता.

"मास्तर, पोराचं नाव ठेवायचं हाय."

"आता तरी तुझंच ठेव बाबा," मास्तर म्हणाले. मनापासून म्हणाले.

"माझं तुमच्याकडं चाललंय. एका कुंपणाला दोन पॉल कशाला? एकाला हाक मारली की दोघं रडणार." पावलू थांबला. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. "मी काय बोलतो, तुमचं नाव मोकळंच हाय. ते आमच्याकडं घेऊ. माझं तुमच्या घरात, तुमचं माझ्या घरात. फिट्टंफाट."

मास्तर खुर्ची सोडून कुंपणाशी आले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. कुंपणापलीकडे का होईना, केळीच्या वाडीत का होईना, कोणी तरी दिवसातून दहादा ॲन्सेल्म म्हणून ओरडेल. आपण मेल्यावरही ओरडेल.

"पावलू, अरे, मी तुझं..."

"ऱ्हाऊ द्या," पावलू म्हणाला. "सुनेला तेवढं विचारतो. बेटी!"

गॅब्रिएलची बायको बेटी पोराला घेऊन दारात आली. वसईत शिकलेली मुलगी. सासऱ्याचं म्हणणं तिनं नीट ऐकलं, तोंड वाकडं केलं नाही. "चांगलं आहे की. भारदस्त नाव आहे. अर्थ काय त्याचा, मास्तर?"

"देवानं ज्याचं रक्षण..."

"मांडवातला नको. खरा सांगा."

मास्तरांनी पावलूकडे बघितलं. पावलू त्यांच्याकडेच बघत होता. "देवाचं शिरस्त्राण," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"लढाईत डोक्यावर घालतात ना, लोखंडी..."

"हेल्मेट?"

"हेल्मेट."

बेटीनं पोराच्या टाळूवरून हात फिरवला. वाईट दिसू नये म्हणून ती थोडा वेळ विचार करत उभी राहिली. मग सासऱ्याला हळूच म्हणाली, "पोरं चिडवतील हो, बाबा." पावलूनं मान डोलावली. नातवांच्या नावाच्या बाबतीत आपल्याला विचारत नाहीत, हे त्याला एव्हाना पाठ झालं होतं.

"मास्तर, तुमचं ते पुस्तक द्याल?" बेटीनं विचारलं. "मी पहिल्या पानापासून बघते. एखादं चांगलं सापडेल."

मास्तर आत गेले, फडताळातून पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि कुंपणावरून तिच्या हातात दिलं.

"पहिल्या पानापासून नको," ते म्हणाले. "‘ए’ची सगळी बघून झालीत. तू आपली ‘बी’पासून बघ."